कवळीची डबी फळीवर ठेवा

चष्मा घरात आला की त्याच्यासोबत पेटी येते, आणि त्या पेटीला घरात कुठेतरी जागा मिळते. म्हाताऱ्या बापाची काठी दारामागे असते. आईच्या शुगरच्या गोळ्या टीव्हीजवळच्या फळीवर असतात आणि घरातल्या लहान पोरालाही त्या कुठे आहेत हे ठाऊक असते. कवळीला मात्र आमच्या वस्त्यांमध्ये ठावठिकाणा नाही. कधी ती पाण्याच्या माठामागे पेल्यात असते, कधी लुगड्याच्या पदराला बांधलेली असते, कधी उशीखाली. पुष्कळदा तर ती रात्रंदिवस तोंडातच असते, आणि ती आहे हे घरातल्या नातवंडांना माहीतही नसते.

चंद्रपुरात बाबूपेठ म्हणा, बल्लारपूर-घुग्घुसच्या कामगार वस्त्या म्हणा, नाहीतर तिकडे वडसा, आरमोरी, चामोर्शी, अहेरी म्हणा, कवळी वापरणारी माणसे आता बऱ्याच घरांत दिसतात. ती कशाने धुवावी, हा प्रश्न बायाबापड्या एकमेकींना विचारतात. कोणी म्हणते सोड्याने, कोणी लिंबाने, कोणी राखडीने. दुकानात कवळी धुण्याच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्या का, असेही विचारतात. प्रश्न चांगला आहे. पण आमचे मत असे, की कवळी कशाने धुवावी यापेक्षा रात्री ती कुठे ठेवावी हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे उत्तर किराणा दुकानात नाही, घरातल्या माणसांजवळ आहे.

तरी आधी धुण्याचे बोलू.

कवळी ऍक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची असते. गुलाबी हिरडीही त्याचीच, आणि बहुतेक स्वस्त कवळ्यांमधले दातही त्याचेच. हे प्लास्टिक वरून गुळगुळीत दिसते, पण आतून त्याला बारीक छिद्रे असतात. जेवणाचे कण, लाळ आणि जंतू मिळून त्यावर एक बुळबुळीत थर बसतो. जीभ फिरवली तर हा थर कळतो. वास येतो तो त्याचाच. दोन-चार दिवस तो तसाच राहिला की पाण्यातले क्षार त्यात बसतात आणि थर दगडासारखा घट्ट होतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड आहे; चहाच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो, तसाच तो कवळीवर धरतो. मग लोक तो काढायला काहीतरी दणकट शोधतात आणि कवळीचे नुकसान तिथेच सुरू होते.

बुळबुळीत थर काढायला दणकट काही लागत नाही. मऊ ब्रश, अंगाचा किंवा हात धुण्याचा साधा साबण आणि थंड पाणी पुरे. भांडी धुण्याच्या पातळ साबणाचे दोन थेंब असले तरी चालते. भांड्याची वडी मात्र नको, कारण तिच्यात घासायची भुकटी मिसळलेली असते. कपडे धुण्याची पावडरही नको. ब्रश कवळीसाठी वेगळा ठेवावा. जो भाग टाळूला आणि हिरडीला चिकटतो, तो आतला खोलगट भाग जास्त घासावा. बहुतेक माणसे बाहेरून दिसणारे दात चकचकीत करतात आणि आतला भाग तसाच सोडतात. बुरशी तर आतल्या बाजूलाच वाढते. जेवण झाले की नुसत्या पाण्याने खळखळून घ्यावी, आणि दिवसातून दोनदा, निदान रात्री एकदा तरी, साबणाने घासावी. तोंडात परत घालण्यापूर्वी साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावी.

धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे किंवा जाड टॉवेल अंथरावा. हे सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडे धुणे होते मोरीत, नाहीतर हातपंपाच्या सिमेंटच्या ओट्यावर. साबणाच्या हातातून कवळी निसटली आणि सिमेंटवर पडली की तिचे दोन तुकडे होतात. मग घरातला कोणी तरुण झटपट चिकटणारा गोंद आणून ती जोडतो. गोंदाने तुकडे जुळतात, पण बसवण केसभर बदलते. तेवढी केसभर चूक हिरडीला रोज टोचते, आणि गोंद लागलेली कवळी दुरुस्त करणे तंत्रज्ञालाही कठीण होते. तुटलेली कवळी दोन्ही तुकड्यांसह रुमालात गुंडाळून दंतवैद्याकडे न्यावी. बहुतेक वेळा ती जोडून मिळते, नवी करावी लागत नाही.

आता जे वापरू नये त्याबद्दल, कारण आमच्या घरांत तेच जास्त वापरले जाते.

राखड. चुलीची राख, कोळशाची भुकटी, राखुंडी, मीठ, विटेची भुकटी. पितळेच्या गुंडावर राखडीने जी चकाकी येते, ती पाहून कवळीवरही तीच घासली जाते. पण पितळ कुठे आणि हे प्लास्टिक कुठे! राखडीने प्लास्टिकवर शेकडो बारीक चरे पडतात, आणि त्या प्रत्येक चऱ्यात जंतू घर करतात. कवळी धुतल्या दिवशी चमकते आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त वास मारते. नेहमीच्या टूथपेस्टचेही तसेच. खऱ्या दाताचा वरचा थर कठीण असतो, म्हणून तो पेस्टची घासणी सहन करतो; ऍक्रिलिक त्याच्या मानाने फार मऊ आहे. दात घासतो ते कवळीला चालते, हा समज सोडावा लागेल.

गरम पाणी. उकळत्या पाण्यात जंतू मरतात हे आपण बाळंतिणीच्या खोलीपासून शिकलेलो आहोत, आणि ते खरेच आहे. पण उकळत्या पाण्यात कवळी वाकडी होते, आणि वाकडी झालेली कवळी परत सरळ होत नाही. उन्हाचेही लक्षात घ्या. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालच्या कोनाड्यात किंवा खिडकीच्या चौकटीवर कोरडी ठेवलेली कवळी सुकते, तिचा आकार बदलतो आणि ती ढिली बसू लागते. कवळी कोरडी ठेवायचीच नसते. तोंडात नसेल तेव्हा ती पाण्यात हवी.

संडास धुण्याचे ऍसिड, फिनाईल, विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर यांपैकी कशाच्याही जवळ कवळी नेऊ नये. ब्लिचिंगने गुलाबी रंग पांढुरका होतो, आणि ज्यांच्या कवळीला धातूची पट्टी किंवा तारेची क्लिप आहे तिला गंज धरतो. ब्लिचिंग आणि ऍसिड किंवा व्हिनेगर एकत्र झाले तर विषारी वायू निघतो, हे तर कवळी नसलेल्या घरांनीही ध्यानात ठेवावे. स्पिरिट आणि हात धुण्याचे सॅनिटायझर यांनी प्लास्टिकला तडे जातात. दारूनेही जातात. हे लिहायला नको होते, कारण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पण मोहाच्या दारूत बुडवली की कवळी 'साफ' होते असे मानणारे आहेत, म्हणून लिहिले. हळदीने कवळी पिवळी पडते आणि तो रंग जात नाही.

मग घरातले काही चालतच नाही का? चालते. दोन वस्तू चालतात.

एक, खाण्याचा सोडा. पेलाभर पाण्यात लहान चमचाभर सोडा घालून कवळी त्यात ठेवली की वास कमी होतो आणि हलके डाग सैल होतात. नंतर ब्रशने घासून धुवावी. दुकानदाराला 'खाण्याचा' असे स्पष्ट सांगावे. धुण्याचा सोडा वेगळा असतो, तो पोळतो, आणि खेड्यातल्या दुकानात दोन्ही सारख्याच पुडीत बांधून मिळतात.

दुसरी, पांढरे व्हिनेगर. चायनीजच्या गाडीवर नूडल्सवर शिंपडतात तेच. जड पाण्याचा पांढरा थर साबणाने निघत नाही, तो आंबट पदार्थाने विरघळतो. जितके व्हिनेगर तितकेच पाणी घेऊन कवळी अर्धा तास बुडवावी, मग ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावी. आठवड्यातून एकदा पुष्कळ झाले. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस पाण्यात घालूनही थोडेफार काम होते. मात्र धातूची पट्टी किंवा क्लिप असलेल्या कवळीला हा आंबट उपाय करू नये. तिला साबण-पाणीच बरे. आणि थर दगडासारखा झाला असेल तर सुरीच्या टोकाने खरवडू नये, दंतवैद्याकडून काढून घ्यावा.

दुकानातल्या गोळ्या वाईट नाहीत. पाण्यात टाकल्या की फसफसतात आणि डाग सैल करतात. पण ब्रशने घासण्याचे काम त्या करत नाहीत, आणि काही जणांना त्यांची ऍलर्जी होते. घरात लहान मूल असेल तर गोळीचे पाकीट उंचावर ठेवावे. ज्याला परवडते त्याने घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने मन लहान करू नये, त्याचे काम साबणावर भागते.

कवळी घासली म्हणजे झाले असेही नाही. कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभ यांवरून ओले मऊ फडके बोटाला गुंडाळून फिरवावे. दात नाहीत म्हणून तोंड धुणे सुटते, ते सुटू नये. ज्यांचे काही दात शिल्लक आहेत, त्यांनी तर त्या दातांकडे दुप्पट लक्ष द्यावे. क्लिप ज्या दाताला धरते तोच दात आधी किडतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. रात्रीच्या.

डॉक्टर सांगतात, रात्री कवळी काढा. बाहेर पडताना आजी मान हलवते, आणि घरी आल्यावर काढत नाही. का काढत नाही? एका आजीने आम्हाला सांगितले ते असे: "काहाले काढू दात? सून अन् जावई एकाच खोलीत. त्यायच्यापुढं बोळकं घेऊन बसू का?" पुष्कळ घरांची हीच गोष्ट आहे. खोली एकच. पाहुणा आला तर तोही तिथेच निजणार. पहाटे उठून नळावर पाण्याच्या रांगेत उभे राहायचे, तिथे वस्तीतल्या दहा बाया. अशा घरात दात काढून ठेवणे म्हणजे चारचौघांत पदर ढळल्यासारखे वाटते. पुरुषांचेही वेगळे नाही. ज्याने सभेत भाषणे केली, ज्याने जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा दिल्या, त्याला नातवापुढे दात काढायचा संकोच होतो. म्हणून कवळी तोंडातच राहते, वर्षानुवर्षे.

त्याचा परिणाम टाळूवर दिसतो. वरची कवळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर कवळीच्या आकाराचाच लाल चट्टा दिसतो. ती बुरशी असते. कवळीखाली हवा आणि लाळ पोहोचत नाही, ओल आणि ऊब असते, मग बुरशीला आणखी काय हवे? पुष्कळांना ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही. ओठांचे कोपरे चिरतात, तिखट झोंबते, तोंडाला चव राहत नाही. शुगर असलेल्यांना हे लवकर होते. घरचे समजतात, म्हातारपणामुळे जेवत नाही.

यापेक्षा गंभीरही घडते. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या पाचशेहून अधिक वृद्धांना तीन वर्षे पाहिले गेले. २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की झोपेत कवळी घालणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका न घालणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होता. कारण समजण्याजोगे आहे. झोपेत लाळ थोडी थोडी श्वासनळीत उतरते, आणि कवळीवरचा थर तिच्यासोबत जातो. आमच्या भागात खाणीची धूळ आहे, औष्णिक केंद्राचा धूर आहे, चुलीचा धूर आहे. ज्या छातीने आयुष्यभर एवढे सोसले, तिच्यात रात्री आणखी घाण जाऊ देऊ नये.

म्हणून आमचे घरातल्या तरुण माणसांना सांगणे आहे. आजीला 'दात काढ' असे सांगू नका. तिला झाकणाची एक डबी आणून द्या. झाकण बंद होणारी, आतले न दिसणारी, कोणतीही. नवी आणायला जमले नाही तर औषधाची रुंद तोंडाची स्वच्छ बाटली चालेल. तिच्यात रोज ताजे थंड पाणी. ती डबी चष्म्याच्या पेटीच्या बाजूला, फळीवर ठेवा. आजीने दिवा मालवल्यावर दात काढले आणि उजाडण्याआधी घातले, तरी सहा-सात तास हिरडीला मोकळे मिळतात, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि पोरांनी हसू नये हे पोरांना एकदाच, नीट बसवून सांगावे. नातवाला सांगा, हे आजीचे दात आहेत, जसा आजोबाचा चष्मा. पोरे दोन दिवस पाहतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. संकोच मोठ्यांनाच जास्त असतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. दात काढल्याबरोबर त्याच दिवशी कवळी बसवली असेल तर पहिल्या दिवशी डॉक्टर ती काढू देत नाहीत. तेव्हा डॉक्टरांचे ऐकावे.

आणखी एक. कवळी धुण्याचे काम सुनेचे आहे असे कोणी धरून चालू नये. ज्याचे हात चालतात त्याने आपली कवळी आपण धुवावी. लकव्याने किंवा संधिवाताने ज्यांचे हात चालत नाहीत त्यांची मुलाने धुवावी, मुलीने धुवावी, नातवाने धुवावी. आईचे दात धुतल्याने मुलाचे हात काही झिजत नाहीत.

खर्ऱ्याबद्दल न लिहिता हा लेख पुरा होणार नाही. सुपारी, चुना आणि तंबाखू पन्नीत घोटून आमच्या चौकाचौकात विकले जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली तरी खर्रा थांबला नाही. बायांमध्ये नस आणि गुडाखू आहे. ज्यांना कवळी लागली त्यांतल्या कितीतरी जणांचे दात याच वाटेने गेले, आणि कवळी बसल्यावरही खर्रा सुटत नाही. खर्ऱ्याचा लाल-काळा डाग आणि चुन्याचा थर कवळीवर असा बसतो, की सोडा, व्हिनेगर, गोळी सगळे थकतात. गुडाखू घासण्याच्या सवयीने काही बाया तो कवळीवरही घासतात. तंबाखू आहे तो. कवळीच्या आत अडकून दिवसभर हिरडीला लागून राहतो.

कवळीवाल्यांनी हे नीट समजून घ्यावे, कारण त्यांच्या तोंडातला फोड दोन कारणांनी होऊ शकतो. कवळी टोचूनही फोड होतो, आणि कॅन्सरची सुरुवातही फोडासारखीच दिसते. माणूस म्हणतो, कवळी लागली असेल, आणि सहा महिने काढतो. दोन दिवस कवळी काढून ठेवा. टोचल्याचा फोड बरा होऊ लागतो. दोन आठवड्यांत जो फोड, जो पांढरा किंवा लाल चट्टा गेला नाही, तो दाखवायलाच हवा, दुखत नसला तरीही. आणि सुपारीने तोंड आवळते, हे तर आमच्या तरुण पोरांनी वाचावे. तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील तर आतली कातडी ताठर होऊ लागली असे समजावे. अशा माणसाचे पुढे दात गेले तर कवळीचे माप घ्यायची वाटीसुद्धा तोंडात शिरत नाही. म्हणजे दात नाहीत आणि कवळीही नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगावी काम करते आहे. गावातल्या खर्राविक्रीचा विषय आपल्या महिला मंडळांनी त्या कामाशी जोडून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आता थोडे सरकारकडे. पूर्ण कवळी एका फेरीत होत नाही. माप, चावण्याची उंची, मेणात बसवून पाहणे, मग कवळी, मग टोचते तिथे घासून घेणे, अशा चार-पाच फेऱ्या होतात. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, पाच वेळा नागपूर कोण करील? म्हणून माणसे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर थांबतात आणि टोचणारी कवळी पेटीत जाते. किंवा मेलेल्या सासूची कवळी सून घालून पाहते. हे आम्ही पाहिले आहे, हसण्यावारी नेऊ नका. कवळी एकाच तोंडाच्या मापाची असते, दुसऱ्याच्या तोंडाला ती जखम करते.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये आली. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ६० वर्षांवरच्या माणसांना साधने देणारी ही योजना. तिच्या यादीत काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा यांच्या सोबत कवळीही आहे. हे आमच्या वस्त्यांमध्ये फार थोड्यांना माहीत आहे. शिबिरात काठ्या आणि खुर्च्या दिसतात, म्हणून लोक काठ्या आणि खुर्च्याच मागतात. कवळी मागा. अर्ज करताना आधार कार्ड आणि उत्पन्नाचा किंवा दारिद्र्यरेषेचा पुरावा सोबत ठेवा. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. ६५ वर्षांवरच्यांना साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये. तिच्या जाहीर केलेल्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा आहे, पण दातांचे नाव नाही. चालायला आधार हवा, हे ज्यांना सुचले त्यांना चावायलाही आधार हवा हे का सुचू नये? ज्याला दात नाहीत तो पेज आणि आंबिलीवर दिवस काढतो. चणे, फुटाणे, मटण, कच्चा कांदा, पेरू सगळे सुटते, आणि त्यासोबत अंगातली ताकद सुटते. आमची मागणी साधी आहे: यादीत कवळी घाला, आणि ज्या ग्रामीण रुग्णालयांत दंत चिकित्सक आहेत तिथेच माप घेऊन कवळी देण्याची सोय करा. काठी ढिगातून उचलून देता येते, कवळी तशी देता येत नाही. एका दिवसाच्या शिबिराने ती पुरी होत नाही.

शिबिरांबद्दल आमच्या मंडळांनाही बोलायचे आहे. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत आरोग्य तपासणी होते. १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर, जिथे बाबासाहेबांनी १९५६ मध्ये १६ ऑक्टोबरला धम्मदीक्षा दिली, तिथे धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनाला दोन्ही जिल्ह्यांतून लाखो माणसे येतात. अशा ठिकाणी दात तपासले जातात, किडलेले मोजले जातात, चिठ्ठी दिली जाते. ज्यांच्या तोंडात आधीच कवळी आहे त्यांना 'तुमचे झाले, पुढे चला' म्हणून सोडतात. पण ती कवळी काढून आतला टाळू पाहायला दोन मिनिटे लागतात. लाल चट्टा असेल तर सांगता येतो. पाच-सात वर्षांत हिरडीचे हाड झिजते आणि कवळी ढिली होते, हेही तिथेच कळते.

यंदाच्या ऑक्टोबरात ज्या मंडळांचा आरोग्याचा स्टॉल लागणार आहे, त्यांनी एवढे करावे. एका बाजूला पडदा लावावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गर्दीत तोंड उघडावे लागणार नाही. पडद्याआड पाण्याचे घमेले, साबणाची वडी आणि मऊ ब्रश ठेवावा, आणि कवळी कशी धुवायची ते ज्याची त्याच्याच हाताने करून घ्यावे. कागदावरची सूचना सगळ्यांनाच वाचता येते असे नाही. हाताने केलेले लक्षात राहते. जाताना प्रत्येकाला झाकणाची एक डबी द्यावी. भोजनदानाला देणगी देणारे दरवर्षी पुष्कळ मिळतात, पाचशे डब्यांना देणारा एखादा शोधला तर मिळेल. डबीवर नाव लिहिण्यासाठी न पुसणारे पेन जवळ असू द्या. रुग्णालयात भरती झालेल्या माणसाची कवळी कागदात गुंडाळून गादीजवळ ठेवलेली असते, आणि झाडणारी बाई ती कचरा समजून उचलते. नाव लिहिलेली डबी असली तर ती परत मिळते.